सूचकाच्या जागी माझी सही

बातमी मला पंगतीत कळली. कोल्हापुरात नात्यातलं लग्न होतं, जेवणं उरकत आली होती आणि माझ्या पानात दुसऱ्यांदा वाढून घेतलेली जिलबी होती. आमच्या पंचायत समितीत पूर्वी कारकून असलेले एक म्हातारे गृहस्थ हात धुवायला जाता जाता माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "वळखलं न्हवं का? ... आणि ते तुमचे मुल्लाणी भाऊसाहेब गेले की. आठ दिस झालं." एवढं बोलून ते नळाकडे गेले. मी ती जिलबी खाल्ली. टाकून उठणं बरं दिसलं नसतं म्हणून नव्हे. मला काय करावं ते सुचत नाही तेव्हा समोर असेल ते मी करून टाकते. हा माझा जुना रोग आहे. या रोगापायी एका भल्या माणसाचं आणि एका धनगरवाड्याचं वाटोळं झालं. महिना होऊन गेला, आता लिहायला बसले आहे.

त्यांचं नाव दस्तगीर मुल्लाणी. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या खेड्यातले. आमच्या गावाला ते ग्रामसेवक म्हणून आले. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, मग तो मिसरूड न फुटलेला का असेना. पण यांना ते शोभायचं. काटकुळा देह, मोठाले कान, सायकलच्या दांडीला कायम छत्री बांधलेली. राधानगरीकडचा पाऊस छत्रीला जुमानत नाही, हे पहिल्याच वर्षी कळूनही त्यांची छत्री काही सुटली नाही. शाळेमागच्या दोन खोल्यांत बायको आणि दोन मुलींना घेऊन राहत. ईदेला त्यांच्या घरून शीरखुर्मा यायचा, आणि आमच्या सोवळ्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, "देवाला दावायचा न्हाई, खायाला काय हुतंय?" असं म्हणून पहिली वाटी स्वतः घ्यायच्या.

जिल्हा परिषदा नव्यानं आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तोवर गावाला काही हवं असलं की अर्ज कोल्हापूरला जायचा, आणि कोल्हापूरहून बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. आता जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यानं बघायचा, तालुक्याचा तालुक्यानं, गावाचा गावानं, आणि मग बघा कशी भरभराट होते ते, असं जो तो सांगत होता. आमचे सरपंच आण्णा हे माझे थोरले चुलत दीर. ते चावडीपुढं उभे राहून म्हणाले, "आता सरकार म्हंजे आपणच की! कुणाच्या म्होरं टोपी काढायची न्हाई." टाळ्या पडल्या. आण्णांच्या म्होरं काढायची का नाही, ते कुणी विचारलं नाही.

कायद्यानं पंचायतीत दोन बायका हव्या होत्या. एक झाली आण्णांच्या वाटेकऱ्याची आई, अंगठा लावणारी. दुसरी मी. मला वाटलं, गावानं माझी हुशारी ओळखली. सव्वीस वर्षांची होते, सातवी पास होते, आणि पंचक्रोशीत आपल्याइतकं शहाणं कुणी नाही याबद्दल माझी खात्री होती. आण्णांना घरातली, ऐकण्यातली बाई हवी होती, एवढी साधी गोष्ट त्या शहाणीला उमगली नाही. मेंबर झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? शाईचं पेन घेतलं. मग कणकेच्या डब्यावर, भिंतीवर कोळशानं, मालकांच्या पाठीवर बोटानं, जिथं जागा मिळेल तिथं सही गिरवली. सहीला खाली नागमोडी शेपूट काढायची. मालक म्हणायचे, "अगं, पाठीला गुदगुल्या होत्यात. सरकार चालवायचं हाय का मला हसवायचं?"

पण मेंबर झाले तरी चावडीत जायची सोय नव्हती. ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही, त्या थोरल्या दिरासमोर बसून सभेत बोलणार कशी? घराची मर्यादा होती. म्हणून तोड निघाली. मी चावडीत जायची नाही, ठरावाचं बुक माझ्या घरी यायचं. सभा झाली की भाऊसाहेब ते बुक फडक्यात गुंडाळून आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, आणायचे, आणि मी सही करायची. तालुक्यातल्या निम्म्या बाई-मेंबरांचा कारभार असाच चुलीपुढं चालायचा.

पहिल्यांदा ते आले तेव्हा मी बुक ओढून घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कुठं करू?"

"आधी वाचा," भाऊसाहेब म्हणाले.

"तुम्ही लिवलंय म्हंजे बरोबरच असणार की."

"मी लिवलंय म्हणूनच वाचा, वैनी. आणि मनात न्हाई. मोठ्यानं."

मी शाळेत कविता म्हणायची त्या सुरात तो ठराव म्हटला. दिवाबत्तीचा होता. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन दिवं आण्णाच्याच गल्लीला? तिथं काय रातीचं मोती पडत्यात व्हय?" भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठोरी काढून लिहून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात एक दिवा खालच्या आळीला लागला. ही बातमी गल्लीत गेली. मग बुक यायच्या दिवशी शेजारणी कामं घेऊन आमच्या सोप्यात यायला लागल्या. कुणी वाती वळतंय, कुणी पोराच्या डोक्यातल्या उवा बघतंय, आणि मी मोठ्यानं वाचतेय. गटाराचा ठराव, शाळेच्या कौलांचा ठराव, विहिरीच्या रहाटाचा ठराव. त्यातले पुष्कळ पुरे झाले, हेही सांगायला हवं. नंतर इतकं कडू लिहायचं आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. ज्या गोष्टींना कोल्हापूरला वर्षं लागायची त्या महिन्यांत व्हायला लागल्या, कारण कुठला रहाट मोडलाय हे ठरवणाऱ्याला ठाऊक होतं.

एका बाजाराच्या दिवशी ठकूबाई धनगरीण लोणी विकायला आली होती, ती तिथंच बसून ऐकत राहिली. ओढ्यापलीकडं टेकडीच्या अंगाला त्यांचा धनगरवाडा. पंधरा-वीस घरं आणि म्हशीच म्हशी. वाचून झालं तशी ती म्हणाली, "वैनीसाब, त्या बुकात आमच्या वड्याचं काय हाय का?"

"न्हाई बाई."

"मग आम्ही काय या गावचं न्हवं व्हय? वडा भरला की महिना महिना गावात यायला वाट न्हाई. म्हसरं काय पाऊस बघून दूध द्यायचं थांबवत्यात? दुधाची गाडी ह्या अंगाला हुबी, आन् आम्ही त्या अंगाला घागरी घेऊन हुबं. शेवटाला वतायचं पान्यात. या की एकदा. वडा पांढरा दिसतोय बगा."

भाऊसाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "मेंबर तुम्ही हायसा." म्हणजे गेलंच पाहिजे. आत्याबाईंना सोबतीला आणि भाऊसाहेबांना मापं घ्यायला घेऊन मी निघाले, नव्या चपला घालून, कारण पाहणीला जाताना मेंबर मेंबरासारखी दिसायला नको का? ओढ्याच्या उतारावर चिखलात अशी आपटले की लुगडं कंबरेपर्यंत लाल झालं. पलीकडून ठकूबाई ओरडली, "सरकार पडलं, सरकार!" भाऊसाहेबांनी मान वळवून हसू लपवलं. मग त्यांनी बरोबर आणलेला दोर सोडला, एक टोक ठकूबाईच्या नवऱ्यानं पाण्यातून पलीकडे नेलं, आणि कुठं ओढा अरुंद आहे, कुठं खाली कातळ आहे, ते दोन तास मापत राहिले. जांभळीच्या झाडाखालची जागा ठरली. बैलगाडी जाईल एवढा साकव, म्हणजे लहानसा पूल, झाला की बारा महिने वाट खुली. परत येताना ते म्हणाले, "कोल्हापूरच्या साहेबाला ह्यो वडा नकाशावर बी घावायचा न्हाई. आपल्याला कातळ कुठं हाय ते म्हाईत झालं. म्हणून आपण ठरवायचं, वैनी. एवढंच हाय ते."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः ठराव रचला. चार वेळा खोडला. भाऊसाहेबांनी तो बुकात उतरवला आणि खाली 'सूचक' असं लिहून जागा सोडली. मी विचारलं, सूचक म्हणजे काय? म्हणाले, "ज्यानं ही गोष्ट काढली तो. उद्या कुणी इचारलं, हे कुणाच्या डोस्क्यातनं निघालं, तर त्यानं 'व्हय, मी' म्हणायचं." मी शेपटीसकट सही ठोकली. ठराव पास झाला. आण्णांनी हरकत घेतली नाही. तेव्हा त्यांना ओढ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पंचायत समितीचे बीडीओ साहेब गावात आले तेव्हा भाऊसाहेब त्यांना मुद्दाम आमच्या सोप्यात घेऊन आले. साहेबांनी विचारलं, "बाई, हा ठराव तुमचा? की नुसती सही तुमची?" मी पदर सावरला आणि अख्खा ठराव जांभळीच्या झाडासकट पाठ म्हणून दाखवला. साहेब चकित झाले. भाऊसाहेब म्हणाले, "आमच्या वैनी वाचल्याबिगर सही करत न्हाईत साहेब. अख्ख्या तालुक्यात अशी मेंबर घावायची न्हाई." त्यांचे ते मोठाले कान आनंदानं लाल झाले होते. माझं डोकं तर आढ्याला लागलं होतं.

साकवाला मंजुरी आली आणि आण्णांना ओढा आठवला. धनगरवाड्याच्या बऱ्याच खाली, ओढ्याच्या काठानं त्यांचा ऊस होता. कारखान्याला जाणाऱ्या गाड्यांना बिद्रीच्या रस्त्याला लागायला मोठा वळसा पडायचा. साकव तिथं झाला तर वळसा वाचत होता, पण धनगरवाड्याहून तिथवर उतरायला वाटच नव्हती. चावडीत काय झालं ते मालकांनी मला सांगितलं. आण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, साकव खाली घ्या. ऊस झटक्यात कारखान्याला पोचला तर गाव वर येईल. चार म्हसरांच्या दुधानं काय गाव मोठं हुतंय?" खरं सांगायचं तर आण्णा खोटं बोलत नव्हते. उसानं गाव मोठं झालंच. कुठलं गाव, कुणाचं गाव, एवढंच विचारायचं राहतं. भाऊसाहेबांनी उत्तर दिलं, "ठराव बदलायचा तर सूचकाला इचारावं लागंल, आण्णा." असा काही नियम नव्हता. त्यांनी माझ्या नावाची ढाल केली होती. आण्णा म्हणे हसले आणि म्हणाले, "मग इचारू की."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊसाहेबांची आई पाय घसरून पडली आणि ते रजा काढून गावी गेले. दोन-चार दिवसांत पंचायतीचा शिपाई बुक घेऊन आमच्या दारात आला. फडक्यात गुंडाळलेलं नव्हतं, तसंच काखेत मारलेलं. म्हणाला, "वैनीसाब, साकवाच्या भूमिपूजनाला मोठं पावणं येणार. सत्काराचा ठराव हाय. सूचक तुम्हीच, आन् ओवाळायला बी तुम्हीच, असं आण्णांनी सांगितलंय." मी तेव्हा ट्रंक उघडून बसले होते. हिरवं इरकल नेसावं की जांभळं, हा राष्ट्रीय प्रश्न माझ्यापुढं होता, कारण दुसऱ्या दिवशी माहेरी हळदी-कुंकवाला जायचं होतं. आता त्यात पावण्यांची भर पडली. मी बुक मांडीवर घेतलं. भाऊसाहेब नसले की शाळेचे गुरुजी बुक लिहायचे, त्यांच्या अक्षरात चार ओळी होत्या. त्यावर कुणी हात ठेवला नव्हता, पान दुमडलं नव्हतं, उजेड चांगला होता. त्या चार ओळी वाचायला जितका वेळ लागला असता, त्याहून जास्त वेळ मी सहीच्या शेपटीला लावला.

पावणे काही आले नाहीत. आली ती भाऊसाहेबांची बदली, थेट चंदगडाला. आमच्या टोकापासून जिल्ह्याच्या त्या टोकाला, जिथं माणसं निम्मी कानडी बोलतात. ते निरोप घ्यायला आमच्या सोप्यात आले. मी चहा टाकला आणि चुलीपासूनच तोंड सोडलं.

"असं कसं? कुणी केली बदली?"

"पंचायतीचा ठराव गेलता, वैनी."

"ठराव? मला न दावता? ज्यांनी ज्यांनी त्याच्यावर सह्या केल्यात त्यांचं हात झडूं देत! त्यांच्या चुलीत मांजरं निजूं देत!" मी काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. आत्याबाईही मागं राहिल्या नाहीत. सह्या करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा त्यांनी उद्धार केला. भाऊसाहेब बशीतल्या चहावर फुंकर घालत बसले होते.

"असूं दे, वैनी. सई करणाऱ्याला कवाकवा म्हाईत नसतंय, कशावर करायलाय ते."

"म्हाईत नसाया ती काय कुक्कुली बाळं हाईत?" मी म्हटलं.

त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली, आत्याबाईंच्या पाया पडले. एसटीच्या टपावर सायकल चढवली, तिला छत्री बांधलेलीच होती. ठकूबाई लोण्याचा गोळा घेऊन आली होती, ती गाडीच्या मागं चार पावलं धावली.

दीड-दोन महिन्यांनी नव्या ग्रामसेवकानं बुक पाठवलं. साकवाची जागा बदलण्याचा ठराव होता. मी वाचला, मोठ्यानं, आणि गरजले, "ह्याच्यावर मी सही करणार न्हाई. माझा पैला ठराव हाय ह्याच बुकात. थांब, दावते!" आणि पानं मागं उलटली. माझा ठराव यायच्या आधी मध्येच ते गुरुजींचं अक्षर आलं. ग्रामसेवक विकासकामात अडथळा आणतात, सदस्यांशी उद्धट वागतात, मुख्यालयी राहत नाहीत, सबब त्यांची बदली व्हावी. सूचक ... आणि पुढं माझी सही. नागमोडी शेपटीसकट.

सोपा भरलेला होता. आत्याबाईंनी विचारलं, "काय लिवलंय गं?"

मी म्हटलं, "काय न्हाई." मोठ्यानं न वाचलेला तो माझा पहिला ठराव.

जागा बदलायच्या ठरावावर मी सही केली नाही. बाकीच्यांनी केली आणि तो पास झाला. मग मी धीर करून मालकांबरोबर तालुक्याला गेले, बीडीओ साहेबांना भेटले. जांभळीच्या झाडाचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, मुल्लाणी भाऊसाहेब असते तर असं झालं नसतं असंही सांगितलं. साहेब चांगले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मला कोडं पडलंय. त्यांची तक्रार तुम्हीच केलीत. तुम्ही वाचल्याशिवाय सही करत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी चौकशीसुद्धा लावली नाही. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर दहा वेळा विचारलं असतं. आता अडथळा आणणारा माणूस गेला, काम सुरू होतंय, आणि तुम्हीच ते अडवता?"

तिथं तीन शब्द बोलायचे होते. 'मी वाचलं नव्हतं.' ते बोलले असते तर कदाचित बदली फिरली असती, कदाचित साकव वर गेला असता. निदान चौकशी तरी लागली असती. पण तालुक्याच्या कचेरीत, टेबलापलीकडे बसलेला तो शिकलेला माणूस मला हुशार समजत होता. माझ्या आयुष्यात तोवर तसं समजणारी दोनच माणसं झाली होती, आणि दुसरं चंदगडाला होतं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं, "बरं, येते साहेब." सही करताना मी मूर्ख होते, ते माफ करता येईल. त्या खुर्चीसमोर मी मूर्ख नव्हते.

साकव झाला, चांगला भक्कम झाला. त्यावरून उसाच्या गाड्या गेल्या, मग ट्रॅक्टर गेले. गावात सिमेंटची घरं उभी राहिली, पतसंस्था आली, आण्णा पुढं जिल्हा परिषदेवर गेले. बाहेरून कुणी आलं की आमचं गाव दाखवायला नेत, सत्ता खाली आली की कसा विकास होतो ते बघा म्हणून. मी त्या मिरवणुकीत ओवाळायला उभी असायची. आणि धनगरवाडा? तीन-चार पावसाळे त्यांनी घागरी घेऊन ओढ्याकाठी काढले. मग एकेकानं म्हशी विकल्या. ठकूबाईची दोन्ही पोरं इचलकरंजीला मागावर गेली, मागून ती आणि तिचा नवरा गेले. जाताना ती माझ्याकडं आली होती. "वैनीसाब, वडा आता पांढरा दिसायचा न्हाई बगा," एवढंच म्हणाली. हसत म्हणाली. तिला त्या सहीतलं काही ठाऊक नव्हतं.

भाऊसाहेबांना मी पत्र लिहिलं नाही. वीस वर्षं लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी कळलं की ते निवृत्त होऊन कोल्हापुरात थोरल्या लेकीकडं असतात. एव्हाना मी आजी झाले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि हुशार दिसायची हौस बरीचशी फिटली होती. गेले. दार लेकीनं उघडलं. मी नाव सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाली, "अब्बा, सूचकबाई आल्यात."

म्हणजे त्या घरात मला हे नाव होतं.

ते पलंगावर बसले होते, आणखी काटकुळे, कान तेवढे तसेच. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. वाचलं नव्हतं, सत्काराचा म्हणून सांगितलं होतं, आणि बीडीओ साहेबांपुढं मी गप्प बसले तेही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बदलीच्या हुकमासंगट ठरावाची नक्कल आलती, वैनी. चहा पीत हुतो तवाच खिशात हुती."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही शिव्या एवढ्या मनापास्नं देत हुता, मोडवंना." आणि हसले. मला मात्र हसू आलं नाही. लेक चहा ठेवत म्हणाली, "तिथं मुलींची शाळा लांब होती. चौथीनंतर मी घरीच बसले." तिचा आवाज साधा होता, बाजारातला भाव सांगावा तसा. भाऊसाहेबांनी तिला गप्प केलं नाही. माझ्यावर त्यांचा राग नव्हता असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांनी तो मला दाखवला नाही, आणि लपवलाही नाही.

निघताना मी विचारलं, "मग कोल्हापूरच्या साहेबाचंच राज्य बरं हुतं म्हणायचं का, भाऊसाहेब? त्याला वडा म्हाईत नव्हता, पण ऊस तरी नव्हता त्याचा."

"न्हाई," ते म्हणाले. "साहेबानं साकव चुकीच्या जागी बांधला असता, तर तुम्हाला वीस वर्षं लाज वाटली असती का? तुम्ही ठरवला, म्हणून वाटली. ह्येच पायजे हुतं मला."

"लाजेवरनं दूध पलीकडं जात न्हाई, भाऊसाहेब."

"व्हय," ते म्हणाले. "न्हाईच जात."

तेच आमचं शेवटचं बोलणं. लग्नाहून परतल्यावर चार दिवसांनी मी ग्रामपंचायतीत गेले. चावडी पाडून तिथं नवी इमारत झाली आहे. आण्णा वारले, त्यांचा मुलगा सरपंच आहे. नवा ग्रामसेवक तरणा पोरगा. मी म्हटलं, "जुनी बुकं दाव." म्हणाला, "आज्जी, कशाला?" मी म्हटलं, "माझं अक्षर कसं हुतं ते नातवाला सांगायचंय." म्हातारीचा हट्ट म्हणून त्यानं लोखंडी कपाट उघडलं आणि धुळीचा गठ्ठा माझ्यापुढं टाकून स्वतःच्या कामाला लागला.

भाऊसाहेबांची पानं लगेच ओळखू आली. अक्षर सरळ, किरटं. आणि एक गोष्ट इतकी वर्षं मी वाचत असूनही कधी बघितली नव्हती. जिथं ठराव संपला आणि सह्या संपल्या, तिथून पानाच्या तळापर्यंत उरलेल्या कोऱ्या जागेवर त्यांनी वरून खाली तिरकी रेघ मारलेली होती. प्रत्येक पानावर. नंतर कुणी येऊन आपल्या सोयीची ओळ घुसडू नये म्हणून. त्यांच्या एकाही पानावर कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

पुढचं पान गुरुजींच्या अक्षरातलं. चार ओळी, माझी सही, बाकीच्यांच्या सह्या, अंगठा, आणि खाली निम्मं पान कोरं. तिथं रेघ नव्हती. मी पिशवीतून पेन काढलं आणि लिहिलं, 'वरील ठराव मी वाचला नव्हता. ग्रामसेवक मुल्लाणी यांच्याबद्दल त्यात लिहिलेलं सर्व खोटं आहे.' खाली सही केली.

"ओ आज्जी! काय करालायसा? सरकारी दप्तर हाय ते!" पोरगा खुर्ची पाडून धावत आला.

"थांब की जरा," मी म्हटलं, आणि लिहिलेलं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग राहिलेल्या जागेवर पार तळापर्यंत तिरकी रेघ मारली.